भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय?



गेल्या महिन्यात उदगीरहून एका भगिनीचं पत्र आलं. पत्र लहानसंच, पण वाचून झाल्यावर मी बराच वेळ ते हातात धरून बसले. त्यांच्या सासऱ्यांचं वय ७४. फुफ्फुसात गाठ निघाली आहे आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग काढावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. "घरात रोज खल चालू आहे. निम्मे म्हणतात करून टाकू, निम्मे म्हणतात या वयात भूल सोसायची नाही. ताई, तुमच्या घरी असं काही झालं होतं ना? लिहाल का?"

झालं होतं. म्हणूनच लिहिते. आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, नांदेडच्या एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवणारी आणि उरलेला वेळ घर सांभाळणारी बाई. ऑपरेशन करावं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण म्हाताऱ्या माणसाची छाती उघडतात तेव्हा त्याची फुफ्फुसं जपण्याचं निम्मं काम भूल देणारे डॉक्टर आत करत असतात आणि उरलेलं निम्मं घरच्या माणसांच्या हातात असतं, हे मला आत्याबाईंच्या दुखण्यात कळलं. तेही उशिरा, आणि चुका करून.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणायची रीत. तेव्हा त्यांचं वय ६९. सारा जन्म औसा तालुक्यातल्या खेड्यात गेला. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात घर पडलं आणि पुढचे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढावे लागले. त्या शेडला खिडकी नव्हती आणि चूल आतच. धुराने डोळ्यांना पाणी येतं एवढंच त्यांना ठाऊक. तो धूर छातीत जाऊन काय करतो याचा विचार तेव्हा कोणी केला?

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर लातूरला धाकट्या दिरांकडे असताना त्यांना ताप आणि खोकला झाला. आधी घरगुती काढे, मग जवळच्या डॉक्टरांचं औषध. न्यूमोनिया निघाला. तो उतरला असं वाटलं तोवर एका बाजूला छातीत पू साचला. नळी घालून काढला, तरी दम काही कमी होईना. "दोन पावलं चाललं की दम लागायलाय माय," असं म्हणून त्या भिंतीला टेकायच्या. शेवटी आम्ही त्यांना नांदेडला आमच्याकडे आणलं. छातीच्या सर्जननी स्कॅन पाहून समजावून सांगितलं ते मला फार पटलं. म्हणाले, "दुधावर साय धरते ना, तशी फुफ्फुसावर पुवाची साय धरते. वेळीच निघाली नाही तर ती चामड्यासारखी घट्ट होते. मग आतलं फुफ्फुस फुगायचं म्हटलं तरी फुगू शकत नाही. ती साल सोलून काढावी लागेल."

म्हणजे छाती उघडायची. ६९ वर्षांच्या, अर्ध्या फुफ्फुसावर श्वास घेणाऱ्या बाईची.

ऑपरेशनआधी 'फिटनेस' काढायला पाठवतात हे तुम्हाला माहीत असेल. आपल्याला वाटतं की तो एक कागद आहे, सहीशिक्का झाला की काम झालं. आम्हीही त्याच भावनेने गेलो. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, तिशीतल्या, बारीक चणीच्या. त्यांनी आत्याबाईंना समोर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. जिने किती चढता? मध्ये थांबावं लागतं का? रात्री उशा किती लागतात? सकाळी बेडका पडतो का? चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? बिडी, तंबाखू, मिश्री?

शेवटच्या प्रश्नाला आमचे हे पटकन म्हणाले, "छे छे, आईला कसलंच व्यसन नाही." आत्याबाई खाली बघत बसल्या. आणि मी? मी पदराशी चाळा करत गप्प राहिले. आत्याबाई रोज तीन वेळा मिश्री लावतात आणि डबी कनवटीला असते हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत. पण चार माणसांत सासूचं व्यसन सुनेने सांगायचं कसं?

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी एकटीच गेले आणि सांगितलं. वाटलं होतं की डॉक्टरीणबाई रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. आता घरी खोकल्याची आणखी कुठली औषधं घेतात तेही सांगून टाका." मग त्यांनीच मला समजावलं. मिश्रीतून निकोटीन रक्तात जातं, त्याने रक्तदाब आणि नाडी वरखाली होते. शिवाय मिश्रीने हिरड्या खराब होतात आणि तोंडात जंतू साचतात. भुलीच्या वेळी तोंडातूनच नळी श्वासनलिकेत जाते आणि तिच्याबरोबर ते जंतूही खाली उतरायला वाट मिळते. हलणारा दात असेल तर तो निसटून थेट फुफ्फुसात पडू शकतो. आत्याबाईंचा खालचा एक दात हलत होताच. तो आधी काढून घेतला. कवळी असेल तर ती काढून द्यायची, हे तर लक्षात ठेवाच.

चुलीचं मात्र त्यांनी निराळंच सांगितलं. बिडीला कधी ओठ न लावलेल्या बाईची फुफ्फुसं चुलीच्या धुराने बिडी ओढणाऱ्या पुरुषासारखी झालेली त्या नेहमी बघतात. नळीत फुंकायची एक तपासणी असते, जोरात श्वास सोडायला लावतात आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. तिशीनंतर ही हवा निरोगी माणसातही दर वर्षी साधारण २५ ते ३० मिली कमी होत जाते. धूर आणि बिडी हा उतार आणखी तीव्र करतात. उदगीरच्या भगिनींनी सासऱ्यांच्या बाबतीत ही तपासणी झाली का ते जरूर विचारावं. फुफ्फुसाचा भाग काढायचा असेल तर उरलेल्यावर माणसाचं भागेल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. वयाचा आकडा एकटा फारसं सांगत नाही. बहात्तरीतला रोज शेतावर जाणारा माणूस साठीतल्या खुर्चीतल्या माणसापेक्षा बरा ठरू शकतो. आणि बिडी असेल तर ती आजच सुटली पाहिजे. निदान चार आठवडे आधी सुटली तर फुफ्फुसांना त्याचा फायदा दिसतो, आणि जितकी आधी तितकं बरं.

आता आमची दुसरी चूक सांगते. ही तर सगळ्या घरांतून होते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून काही खायला द्यायचं नाही असं नर्सने बजावलं होतं. पहाटे मी डबा करायला घरी गेले आणि नणंद सोबत थांबल्या. सहा वाजता त्यांच्या मनात आलं, म्हातारं माणूस, उपाशी पोटी एवढं मोठं ऑपरेशन कसं सोसेल? त्यांनी खालच्या टपरीवरून चहा आणला आणि वर दोन बिस्किटं. आठ वाजता आत्याबाईंनीच निरागसपणे सांगितलं, "च्या घेतलाय की आत्ता." झालं! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. हे चिडले, नणंद रडल्या, आत्याबाईंना आपलं काय चुकलं तेच कळेना.

डॉक्टरीणबाईंनी नणंदांना बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं. माणूस शुद्धीवर असताना घशाला एक राखणदार असतो. घास चुकून श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो. भूल दिली की तो राखणदार झोपतो. पोटात चहा-बिस्किट असेल तर ते आंबट पाण्यासकट वर येऊन फुफ्फुसात उतरतं आणि आतलं अस्तर भाजतं. म्हातारपणी हा राखणदार आधीच पेंगुळलेला असतो. दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरायचं, त्याला सहा तास हवेत. साधं स्वच्छ पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तेही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि चुकून काही दिलं गेलं तर लपवू नका! ऑपरेशन एक दिवस लांबतं, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. चार तास काय करायचं? माझं डोकं आपलं इतिहासाकडे वळलं. आपला हा नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे मी दर वर्षी १७ सप्टेंबरच्या सुमारास मुलींना शिकवते. पण त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली भुलीच्या औषधावर दोन मोठ्या समित्या बसल्या होत्या, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. तेव्हा क्लोरोफॉर्म देत आणि अधूनमधून माणसं टेबलावरच जात. का जातात, यावरून डॉक्टरांत मोठा वाद होता. अफझलगंज रुग्णालयातले डॉ. एडवर्ड लॉरी म्हणत की आधी श्वास बंद पडतो. निजामाने पैसे दिले, लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रातर्फे डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले आणि शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. भूल देणाऱ्याने सारं लक्ष श्वासाकडे ठेवावं, असा निष्कर्ष निघाला. पुढे विसाव्या शतकात कळलं की क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतं, म्हणजे लॉरीसाहेब अर्धेच बरोबर होते. पण श्वासाकडे लक्ष ठेवा, हे त्यांचं म्हणणं काही खोटं ठरलं नाही.

आणि त्याच काळात तिथे क्लोरोफॉर्म देणाऱ्यांत एक बाई होत्या, रूपाबाई फर्दुनजी. १८८५ साली हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत ज्या पाच मुली दाखल झाल्या त्यांपैकी एक, पारशी घरातल्या. १८८९ साली त्या शिकून बाहेर पडल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात. १९०९ साली पुढच्या शिक्षणासाठी त्या एडिंबरोला जाऊन आल्या. बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, आत त्या बारीक चणीच्या डॉक्टरीणबाई आत्याबाईंच्या श्वासावर डोळा ठेवून उभ्या आहेत, आणि मला त्यांचं नावही माहीत नाही! सर्जनचं नाव, त्यांचं शिक्षण, त्यांचं गाव सगळं आम्ही चार जणांना विचारून घेतलं होतं. भूल कोण देणार हे एकानेही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्या तपासायला आल्या तेव्हा मी नाव विचारलं. हसल्या. म्हणाल्या, "हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं." त्यांना थोडी सवड होती, म्हणून मग मी एकेक विचारत गेले. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या समजुतीप्रमाणे तुम्हाला सांगते.

फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते, पुढच्या सोप्या. फुफ्फुसातले बारीक फुगे तसेच असतात. एकदा पूर्ण मिटले की उघडायला जोर लागतो. भूल दिली की काही मिनिटांतच दहांतल्या नऊ जणांच्या फुफ्फुसाचा खालचा थोडा भाग मिटतो. तरण्या माणसात तो लवकर उघडतो. म्हातारपणी फुफ्फुसाची लवचीक ताण कमी झालेली असते, जुन्या लवंगी इलॅस्टिकसारखी म्हणा ना, त्यामुळे बारीक नळ्या आपोआपच मिटू लागतात. चाळिशी ओलांडून चारपाच वर्षं झाली की उताणं झोपल्यावर त्या साध्या श्वासातही मिटतात आणि पासष्टीनंतर बसल्या जागीही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला उताणं निजवून ठेवणं फुफ्फुसाला जाचक होतं.

छातीच्या ऑपरेशनात याच्यावर आणखी एक अडचण. ज्या बाजूचं काम चाललंय ते फुफ्फुस हलत राहिलं तर सर्जनला शिवताही येत नाही आणि सोलताही येत नाही. म्हणून त्या बाजूची हवा बंद करतात आणि सगळा श्वास दुसऱ्या फुफ्फुसावर चालवतात. त्यासाठी दोन तोंडांची जोडनळी असते, एकेक वाट एकेका फुफ्फुसाकडे जाणारी. १९४९ साली स्वीडनच्या कार्लेन्स नावाच्या डॉक्टरांनी ती प्रत्येक फुफ्फुसाचं काम वेगवेगळं मोजण्यासाठी केली होती आणि लवकरच ती ऑपरेशनला कामाला आली. पण विचार करा, दोघांचा भार एकट्यावर. दोन बैलांचं औत एका बैलाला ओढायला लावल्यासारखं.

पूर्वी असं समजत की एकच फुफ्फुस आहे तर त्यात भरपूर हवा भरा, म्हणजे ते मिटणार नाही. दर किलो वजनाला १० ते १२ मिली भरत. पुढे लक्षात आलं की जास्त ताणल्यानेच ते दुखावतं आणि सुजतं. २००० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसं फार बिघडून मशीनवर असलेले ८६१ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना किलोला १२ मिलीचा मोठा श्वास दिला आणि निम्म्यांना ६ मिलीचा लहान. मोठ्या श्वासाच्या गटात सुमारे ४० टक्के दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, पण त्यानंतर ऑपरेशनच्या खोलीतही हात आखडता घेण्याकडे कल वाढला. आता एका फुफ्फुसावर काम चालू असताना साधारण ४ ते ६ मिलीच देतात. श्वास सुटल्यावरही थोडा दाब आत राखतात, म्हणजे फुगा पूर्ण मिटायला नको. अधूनमधून हलकेच सगळं फुफ्फुस उघडून घेतात आणि ऑक्सिजनही गरजेपुरताच ठेवतात, कारण नुसता शुद्ध ऑक्सिजन रक्तात चटकन शोषला जातो आणि मागे फुगे मिटतात.

यातली मला सर्वांत गंमत वाटलेली गोष्ट निराळीच. हा किलोचा हिशेब काट्यावरच्या वजनाचा नसतो, उंचीचा असतो! माणूस लठ्ठ झाला म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ७० किलो असो की ४०, हिशेब साडेपंचेचाळीस किलोचाच धरतात. म्हणजे किलोला ५ मिली म्हटलं तर एका श्वासाला सव्वादोनशे मिलीच्या आसपास. आपला पाणी प्यायचा पेला भरेल इतकी हवा. मी घरी येऊन पेला समोर ठेवून बघत बसले. एवढ्या हवेच्या हिशेबावर माझ्या सासूचा जीव चार तास तोलून धरला होता.

आता आपल्या वाटणीचं काम. खरी कसोटी इथेच लागली.

ऑपरेशन उत्तम झालं असं सर्जननी सांगितलं, आम्ही पेढे वाटले आणि दुसऱ्या रात्री ताप चढला. फोटोत खालचा भाग मिटलेला दिसला. कारण विचाराल तर आत्याबाई दोन दिवस खोकल्याच नव्हत्या. नर्स विचारायची, "आजी, दुखतंय का?" उत्तर ठरलेलं, "न्हाई माय, बरं हाय." सोसायची सवय! तीन बाळंतपणं घरात झाली तरी आवाज शेजारी गेला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. आणि इथे त्या सोसण्यानेच घात होत होता. दुखू नये म्हणून त्या वरच्यावर, चिमणीएवढा श्वास घेत होत्या. बेडका आत साठत होता. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. बरगड्यांच्या बाजूला बारीक नळी ठेवून तिथला भाग बधिर करायचं औषध चालू होतंच, त्याचं प्रमाण वाढवलं. म्हणाल्या, "आजी, दुखलं तर सांगायचं. तुम्ही सोसलंत तर मला तुम्हाला पुन्हा मशीनवर ठेवावं लागेल." झोप आणणारी जोरकस वेदनाशामकं म्हाताऱ्या माणसाचा श्वासच मंदावतात, म्हणून त्या नळीवर त्यांचा जास्त भर. तुम्हीही 'दुखतंय का' असं विचारू नका. 'जोरात खोकून दाखवा' म्हणा, चेहऱ्यावरून कळेल.

मग आमच्या घरादाराने कंबर कसली. छातीशी उशी घट्ट कवटाळून खोकायचं, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो. "खोकलं की टाके तुटतेत की काय वाटायलंय," असं त्या म्हणायच्या. तेव्हा मी मागून पाठीवर हात ठेवून दर तासाला त्यांच्याबरोबर स्वतः खोकायची. खोलीतले बाकीचे नातेवाईक हसायचे, हसू दे. तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी ओठांत धरून हळू आणि खोल श्वास आत ओढायचा की चेंडू वर जातात. बहुतेक माणसं त्यात फुंकतात. आत्याबाईही फुंकत होत्या. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! माझ्या मुलाने आजीशी पैज लावली आणि ज्या दिवशी दुसरा चेंडू वर जाऊन क्षणभर टिकला त्या दिवशी त्याला दहा रुपये मिळाले.

उशाकडची बाजू उंच, दिवसातून तीन वेळा खुर्चीत बसवणं, तिसऱ्या दिवसापासून धरून व्हरांड्यात फेऱ्या. जेवताना ताठ बसवून लहान घास, निजल्या निजल्या चमच्याने पेज घालायची नाही. सकाळ-संध्याकाळ दात आणि जीभ स्वच्छ. छातीतून नळी खाली बाटलीत जाते, ती बाटली नेहमी छातीपेक्षा खालीच हवी. फेरी मारताना मी एकदा ती हौसेने खांद्याशी धरली होती, नर्स धावत आली. वर धरली तर बाटलीतलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. नळीला गाठ मारायची नाही, दाबायची नाही, बुडबुडे एकदम वाढले किंवा नळी निसटली तर आरडाओरडा करून माणसं बोलवा. तिथे लाजायचं काम नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट हळहळून सांगितली होती. हे खोकणं, हे यंत्र, हे बसणं ऑपरेशनच्या आधी शिकवलेलं असतं तर दुसऱ्या रात्रीची ती धावपळ कदाचित टळली असती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या ऑपरेशनच्या ४४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना व्यायामतज्ज्ञाने ऑपरेशनआधी फक्त अर्धा तास बसून श्वास कसा घ्यायचा आणि का घ्यायचा ते समजावलं होतं, बाकीच्यांना नुसती माहितीपुस्तिका. पुस्तिकेच्या गटात शंभरातल्या २७ जणांना फुफ्फुसाचा त्रास झाला आणि समजावलेल्या गटात १२ जणांना. पोटाचं ऑपरेशन वेगळं, छातीचं वेगळं, हे खरं. पण अर्ध्या तासाला पैसे पडत नाहीत. आमच्या बाबतीत फिटनेस ते ऑपरेशन मध्ये सहा दिवस होते आणि ते आम्ही पाहुण्यांना फोन करण्यात आणि कोण कधी डबा आणणार याच्या वाटणीत घालवले.

म्हणून उदगीरच्या भगिनींना माझं सांगणं. तारीख मिळाली असेल तर आजपासूनच सुरुवात करा. सासऱ्यांना रोज सकाळ-संध्याकाळ सोसेल तेवढं चालवा, ते यंत्र डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि सराव करून घ्या, उशी धरून खोकायला शिकवा. दात दाखवून घ्या. बिडी-तंबाखूचं खरं सांगायची जबाबदारी घरातल्या एकाने उचलायची. पुरुष मंडळी 'छे छे' म्हणतील, त्यांना म्हणू द्या. ऑपरेशन छाती मोठी उघडून होणार की दुर्बिणीने लहान छिद्रांतून, ते विचारा. दुर्बिणीने होण्यासारखं असेल तर दुखणं कमी आणि श्वास मोकळा, पण सगळ्यांचं तसं होत नाही. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी काय करणार हे भूलतज्ज्ञांनाच विचारा. त्यांची भेट आदल्या रात्री घाईत नको, काही दिवस आधी मागून घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. जुनी राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला नांदेड होता. तीच पुढे या नावाने सगळीकडे गेली.

आत्याबाई आता लातूरला असतात. गंजगोलाईपर्यंत भाजीला जाऊन येतात, जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. दिरांकडे गॅस आहे, पण गावी गेल्या की चुलीपाशी बसायचा मोह होतोच. भाकरी चुलीवरचीच गोड लागते म्हणे. मिश्री सहा महिने सुटली होती. परवा जाऊबाईंचा फोन आला, डबी पुन्हा दिसली.

तीन चेंडूंचं ते यंत्र आमच्या फळीवर आहे. उदगीरला पाठवून द्यावं असं माझ्या मनात होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, एकाने वापरलेलं दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं नसतं, जंतू जातात. नवीनच घ्या. काही शे रुपयांत औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतं. घेताना नळीचं तोंड सीलबंद आहे ना ते बघून घ्या.